डावीकडे ताप, मध्ये टाकी

आमच्या ह्यांचा कुठल्याही काट्यावर पहिल्या भेटीत विश्वास बसत नाही. भिंतीवरचं घड्याळ असो, दुकानातला वजनकाटा असो, आधी त्याच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, काटा थरथरून जागेवर येतो का ते बघायचं, आणि मगच तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं, ही त्यांची रीत. एकदा डॉक्टरीणबाई ह्यांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरत होत्या, तेव्हा ह्यांनी मोकळ्या हाताने त्यांच्या यंत्रालाच टकटक केली. ह्यांचा रक्तदाब किती निघाला ते मी विसरले, पण डॉक्टरीणबाईंचा वाढला हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

हे जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतात. टाकीत डिझेल किती आहे, इंजिन किती तापलं आहे, तेलाचा दाब किती आहे, हे सांगणारे चालकाच्या समोरचे गोल मीटर आणि त्यांच्या मागचं वायरींचं जंजाळ, एवढंच ह्यांचं जग. गल्लीतले लोक ह्यांना टकटकशेठ म्हणतात, आणि तोंडावरच म्हणतात. आमची शेड एकच आहे. अर्ध्या भागात ह्यांचं टेबल, अर्ध्या भागात माझं शिलाई मशीन. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. ह्यांच्या बाजूच्या भिंतीवर बंद पडलेले मीटर खिळ्यांना टांगलेले असतात. कुणाचा काटा रिकामीवर थांबलेला, कुणाचा भरलेलीवर, आणि हे त्यांना येताजाता एकेक टकटक देऊन जातात. माझ्याशी एवढं बोलत नाहीत.

ह्यांचा दुसरा नियम म्हणजे मालकाला काही विचारायचं नाही. मालकाला विचारलं की तो सांगतो तेच दिसायला लागतं, असं ह्यांचं म्हणणं. वायरीला विचारायचं, वायर खोटं बोलत नाही. ह्या नियमापायी पुढे जे रामायण घडलं, ते आता सांगते.

माझे वडील ट्रकचालक. त्यांचा ट्रक त्यांनी माझ्या जन्माच्या सुमाराला जुनाच घेतला, आणि लोकांचं घरसामान हलवायची कामं त्यावर केली. मी त्यांची एकुलती एक मुलगी, तरी बाबा मला 'धाकटे' म्हणूनच हाक मारतात. कारण थोरली म्हणजे ट्रक. त्या नात्याने ट्रक ह्यांची मोठी मेव्हणी लागते, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही मेव्हणीने ह्यांचा एवढा छळ केला नसेल.

सुरुवात झाली ती लग्न ठरायच्या आधीच. हे आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहा व्हायच्या आत बाबा त्यांना थोरलीतून चक्कर मारायला घेऊन गेले. बाबांच्या लेखी हा फार मोठा मान होता. ह्यांनी केबिनमध्ये बसल्या बसल्या डावीकडच्या मीटरवर टकटक केली आणि म्हणाले की हा डिझेलचा काटा खोटं बोलतोय. बाबा म्हणाले, तो डिझेलचा नाहीच. हे म्हणाले, ह्या कंपनीच्या ट्रकात डावीकडे डिझेलचाच असतो. बाबांनी ट्रक बाजूला घेतला, खाली उतरून पलीकडून आले, आणि ह्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. हे चालत घरी पोचले. आईला सगळं कळल्यावर ती हसून हसून खाली बसली आणि मला म्हणाली, ह्याच्याशीच लग्न कर, दिसेल ते बोलणारा आहे, तुला कधी अंदाज बांधायला लागणार नाही.

लग्न झालं, पण सासरे-जावयात बोलणं राहिलं नाही. भांडण म्हणून नव्हे, नुसतं बोलणं नाही. एकाच टेबलाशी बसून बाबा मला सांगायचे की तुझ्या नवऱ्याला विचार, मीठ हवंय का. हे मला सांगायचे की तुझ्या बाबांना सांग, नको. मीठ दोघांच्या मध्ये, आणि निरोप माझ्यामार्फत. थोरलीतून कुठे जायचं झालं तर बाबा चाकाशी, मी खिडकीशी, मधली जागा आईची, आणि हे मागे सामानाच्या हौद्यात स्टेपनीवर. आई गेल्यावरही मधली जागा रिकामीच राहिली. तिथे बाबा आपला डबा ठेवायचे, आणि मला तो डबा बघून दर वेळी रडू यायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जुन्या गाड्यांच्या तपासणीचा कायदा आला. सगळे काटे चालते हवेत, प्रत्येक मीटरवर तो कशाचा आहे त्याचं चित्र हवं, आणि चालकाने गाडी चालवता चालवता ते वाचून दाखवायला हवेत. नापास झाली की गाडी थेट भंगारात. बाबांनी ट्रक आमच्या शेडच्या तोंडाशी आणून उभा केला, माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले की तुझ्या नवऱ्याला सांग, थोरलीचे डोळे तपासायचेत. हे तीन हातांच्या अंतरावर उभे होते. मी निरोप दिला.

आता ट्रकचं दुखणं सांगते. तिच्या डॅशबोर्डवरची चित्रं आणि आकडे बाबांनी ट्रक घेतला तेव्हाच पुसले गेले होते, काचा धुरकट. पण आमच्या घरात चित्रांची गरज कुणालाच नव्हती. मला अक्षरं यायच्या आधीपासून हे पाठ होतं: डावीकडे ताप, मध्ये टाकी. डावा काटा वर चढला की गाडी थांबवून पाणी बघायचं. मधला काटा खाली पडला की पंप गाठायचा. ह्यात कधी चूक झाली नाही. एवढंच की हॉर्न दाबला की मधला काटा टुणकन उडी मारायचा. हॉर्न वाजवून टाकी भरणारी गाडी आमच्याशिवाय कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. बाबांना त्याचं कौतुकच होतं. काटा जिवंत आहे ना, हे बघायला ते रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न मारायचे.

ह्यांनी नियमाप्रमाणे बाबांना काही विचारलं नाही, आणि मलाही नाही. डॅशबोर्डखाली डोकं घातलं. आतल्या सगळ्या वायरींचा रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. मूळ रंग बघायला हे प्रत्येक वायरीच्या टोकावरची रबरी टोपी थोडी मागे सरकवायचे, आतला भाग चिंधीने पुसायचे, आणि खात्री पटली की तिला चिकटपट्टीची शेपटी बांधायचे. आधी हॉर्नचा रोग सापडला. सगळ्या मीटरांची अर्थिंगची वायर ज्या एका बोल्टला बांधली होती तो गंजून खाऊन गेला होता, त्यामुळे हॉर्नची वीज परत जायला वाट शोधत मीटरमध्ये शिरत होती. बोल्ट घासून लख्ख केल्यावर उडी बंद झाली. बाबा तेव्हाच अस्वस्थ झाले.

मग मला मागे टाकीशी उभं केलं. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, त्याच्याकडून येणारी वायर काढून ट्रकच्या लोखंडाला टेकवली की डिझेलचा काटा सरसर वर गेला पाहिजे. हे केबिनमधून म्हणाले, टेकव. मी टेकवली. हे म्हणाले, चुकीची वायर आहे. मी म्हटलं, इथे एकच वायर आहे. हे म्हणाले, मग नीट टेकव. मी म्हटलं, वायर नीट टेकवण्यात माझ्या माहेरचं नाव निघायचं काही कारण नाही. माहेरचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, पण काढणार होते, मला माहीत होतं. शेवटी ते मागे आले, मी केबिनमध्ये गेले, आणि तरी टाकीची वायर टेकवली की मधलाच काटा हलत होता, जो कंपनीच्या हिशेबाने इंजिनाच्या तापाचा. मग इंजिनाची वायर टेकवली, तर डावा हलला.

हे पुन्हा डॅशबोर्डखाली घुसले. आत कुठेतरी दोन तुटलेल्या वायरी कुणीतरी एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या, जोडावर कसलातरी धागा गुंडाळला होता, आणि वर जखमेला लावायची पट्टी. ह्यांनी तो जोड कापून भंगाराच्या डब्यात टाकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की हे कुठल्या गाढवाने करून ठेवलंय? बाबा माझ्या स्टुलावरून उठले आणि बाहेर जाऊन टायर बघत उभे राहिले. बराच वेळ टायरच बघत होते.

संध्याकाळपर्यंत वायरी आपापल्या घरी गेल्या. काचा निघाल्या, पुसल्या, आणि ह्यांनी बारीक ब्रशने डाव्या मीटरवर डिझेलचा पंप आणि मधल्यावर तापमापी काढली. चित्रं इतकी सुबक झाली होती की मी म्हटलं, माझ्या सीट कव्हरांवर पण काढा. एकंदर मी खूश होते. माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी टाकी काठोकाठ भरून आणली, शेडसमोर गाडी बंद करून चहा घेतला, आणि इंजिन पार निवल्यावर मला शेजारी बसवून पुन्हा चावी फिरवली. डावा काटा तडक वर. गाडी हललीही नाही आणि इतका ताप? मधला काटा तळाला. म्हणजे आत्ता भरलेली टाकी रिकामी. बाबांनी इंजिन बंद केलं, धावत जाऊन बादली आणली आणि थंडगार रेडिएटरवर ओतली. मग डिझेलचा कॅन आणून भरलेल्या टाकीत उपडा केला. डिझेल बाहेर आलं, बाबांच्या चपलांतून वाहिलं आणि माझ्या मशीनपर्यंत पोचलं.

हे धावत आले. मला म्हणाले, तुझ्या बाबांना सांग, टाकी भरलेली आहे. बाबा म्हणाले, तुझ्या नवऱ्याला सांग, काटा तळाला आहे. हे म्हणाले, मग हे सांडलं ते काय आकाशातून पडलं का, विचार त्यांना. मी निरोप पोचवता पोचवता डॅशबोर्डकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हटलं, "पण अहो, ताप खरंच चढलाय."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू लग्न भलतीशीच झालंय हे त्यांना आत्ता कळतंय. मग कुठे एकेक गोष्ट बाहेर आली. डावीकडे ताप, मध्ये टाकी, एवढं ऐकून हे फुटपाथवरच बसले. इतकी वर्षं एका छताखाली राहून तू मला हे सांगितलं नाहीस, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. मालकाला विचारत नाही ना तुम्ही.

तपासणी चार दिवसांवर आली होती. ह्यांनी बाबांना शिकवायचा चंग बांधला. माझ्यामार्फतच. उभ्या गाडीत बाबा सगळं बरोबर वाचायचे, पंप म्हणजे डिझेल, तापमापी म्हणजे ताप. गाडी हलली की डोळे आपल्या जुन्या वाटेने जायचे. चढ लागला की डावीकडे बघून म्हणायचे, बघ, चढावर तापली. ती तापली नव्हती, टाकी भरलेली होती. मी तरी कुठे हुशार होते? मी शेजारी बसून मान डोलवत होते.

बाबांनी तोडगा काढला: जुना जोड होता तसा करा आणि नुसती चित्रं बदला. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. डिझेलच्या मीटरने ताप सांगितला तर तो अंदाजे सांगणार, आणि मी अंदाजे काम करत नाही, असं त्यांनी मला बाबांसाठी सांगितलं. शिवाय कंपनीने ज्या भोकात जो मीटर बसवला तो तिथेच राहणार. बाबांनी मला ह्यांच्यासाठी सांगितलं की मग थोरली कंपनीच्याच नावाने भंगारात जाऊ दे. त्यांचा आवाज बसला होता. ती गेली तर बाबा काय करतील हे मला दिसत होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला.

तपासणीच्या आदल्या दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. गेले काही दिवस ह्यांच्या तोंडी जेवताना एकच विषय होता, तो गाढव. वैताग सरून आता त्यात थोडं कौतुक मिसळू लागलं होतं. गाढवाचा हात मात्र घट्ट होता, म्हणाले. इतकी वर्षं खड्ड्यांतून गेलं तरी जोड हलला नाही. "आणि गाढव डावखुरं असणार. पीळ उलटा होता."

माझा घास हातातच राहिला. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. माझ्याकडे न बघता, थेट ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, ते गाढव म्हणजे तुमच्या सासूबाई."

मी सवयीने निरोप द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. निरोप पोचला होता.

मग बाबांनी सांगितलं. ट्रक घेतला तेव्हा दोन्ही काटे मेलेले, वायरी लोंबकळत होत्या. मेकॅनिककडे जायची ऐपत नव्हती. आई टॉर्च दातात धरून डॅशबोर्डखाली शिरली. माझ्यासाठी विणत असलेल्या स्वेटरची निळी लोकर हाताशी होती, तीच गुंडाळली. काटे हलले तेव्हा ती अशी ओरडली की बाबांना वाटलं तिला शॉक बसला. "दोन्ही हलतायत, आणखी काय पाहिजे, म्हणाली. कोणता कशाचा ते मग आम्ही दोघांनी मिळून शिकलो."

हे उठले. हात धुवायलाही विसरले, तसेच शेडमध्ये गेले. मी मागून गेले तर भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केलेला, आणि हे गुडघ्यांवर बसून वायरींच्या तुकड्यांतून काहीतरी वेचत होते. सापडलं तेव्हा त्यांनी ते चिंधीने पुसलं. मळून काळी झालेली लोकर होती, पण आत दुमडलेल्या जागी अजून निळी. मला स्वेटर आठवला आणि मी तिथेच भोकाड पसरलं. ह्यांना माझं रडणं कधी बघवत नाही, त्यामुळे ते घाईघाईने ट्रकमध्ये घुसले.

दोन्ही मीटर त्यांनी पुरते बाहेर काढले. डिझेलचा मीटर त्याच्या वायरीसकट मधल्या भोकात बसवला आणि तापाचा डाव्या भोकात. चित्रं खरी, काटे खरे, वायरी खऱ्या, फक्त जागा सासूबाईंच्या. कंपनीचं काय, असं मी नाक पुसत विचारलं. "ट्रक कोण चालवणार हे कंपनीला काय माहीत," हे म्हणाले. मग जोड कथलाचा डाग देऊन पक्का केला, त्यावर नवं आवरण चढवलं, आणि सगळ्यात वर लोकर गुंडाळायला घेतली. उलटा पीळ काही केल्या जमेना. अखेर जीभ दातांत धरून डाव्या हाताने केला.

बाबांना बोलावलं. "बाबा, बसा," हे म्हणाले. बाबा बसले, चावी फिरवली. डावा काटा तळाला, मधला वर. बाबांचा चेहरा उजळला. आता बरी झाली, म्हणाले, मध्येच काय झालं होतं हिला कुणास ठाऊक. मग हॉर्न दाबला. काटा उडला नाही. बाबांचं तोंड पडलं. आता काटा जिवंत आहे हे कळायचं कसं? ह्यांनी त्यांचा हात धरला आणि बोटाचं पेर काचेवर दोनदा टेकवलं. काटा थरथरला. बाबांनी पुन्हा स्वतः टकटक केली. मग आणखी एकदा, आणि पुढे संध्याकाळपर्यंत ते तेच करत होते.

तपासणीच्या मैदानात साहेब आंबट चेहऱ्याचे निघाले. बाबांशेजारी चढले, गाडी फिरवायला लावली आणि काटे वाचायला सांगितले. मी आणि हे कुंपणाशी उभे. उघड्या खिडकीतून बाबांचा खणखणीत आवाज येत होता: डावीकडे ताप, बेताचा. मध्ये टाकी, पाऊण. साहेबांनी उतरून टाकीत पट्टी बुडवली. पाऊण. पुन्हा चढले, केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला, मान हलवली. मी श्वास सोडणार, तोच त्यांनी टॉर्च काढून डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं. आम्हाला हाताने बोलावलं. ओळीने बांधलेल्या नव्या वायरींच्या मधोमध तो मळका निळा गुंडाळा.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?"

बाबा खिडकीतून टायर बघायला लागले. ज्या माणसाने आयुष्यात एकही जोड वाकडा ठेवला नाही, ज्याच्या कामाकडे बोट दाखवायची बाजारात कुणाची छाती झाली नाही, ते आमचे हे पुढे झाले.

"मी केलंय," म्हणाले. "माझीच पद्धत आहे ती."

साहेबांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं. तुम्ही टकटकशेठ ना, असं जरा वरमून विचारलं. जोड ओढून पाहिला, पुन्हा जोर लावून ओढला, तो केसभर हलला नाही. कागदावर शिक्का मारला. आम्ही निघताना साहेब ह्यांना बाजूला घेऊन, कुणी ऐकत नाही ना ते बघून विचारत होते की लोकर निळीच लागते का. हे गंभीरपणे म्हणाले, निळीच.

परत निघताना हे नेहमीप्रमाणे मागे चढायला गेले. बाबांनी मधल्या जागेवरचा डबा उचलून आपल्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, मागे कशाला, मध्ये बसा. हे बसले. पहिल्या वळणापर्यंत माझे डोळे भरून आले होते. दुसऱ्या वळणाला दोघांचा वाद सुरू झाला, टकटक किती जोरात करायची ह्यावर. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं दोघं एकदम बोलत होते, कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, आणि मला कुणी काही विचारतही नव्हतं. शेवटी मी गाडी थांबवायला लावली आणि मागे जाऊन बसले. स्टेपनी वाटते तितकी टोचत नाही.